दोन कानांचा पैसा
चिंचेनं तांब्याची भांडी घासताना येणारा आंबट वास आला, की मला माझा पैसा आठवतो. म्हैसूरच्या बाजारात मोगरा घेताना तो सुट्या पैशांत परत मिळाला होता, आणि टांकसाळीच्या चुकीनं त्यावरच्या बादशहाला एकाच बाजूला दोन कान उमटले होते. हा जपून ठेवायचा, असं मी घरात जाहीर केलं. “बादशहाला दोन कान आहेत, पण तुम्हाला एकही नाही,” बायको म्हणाली, “विड्याची पानं आणा म्हणून सकाळपासून सांगतेय.” शेवटी ठरलं, की सराफानं मोलाचा म्हटला तर ठेवायचा, नाहीतर त्याचीच पानं आणायची. सराफाला दुसरा कान ठळक दिसावा म्हणून मी चिंच आणि विटेची पूड घेऊन, शिलेदारांच्या वंशाला शोभेल अशा जोरानं तो घासला. सराफानं भिंग लावलं, पैसा उलटासुलटा केला आणि विचारलं, “किवी एल्ली, स्वामी? कान कुठंय?” दोन्ही कान गेले होते, बादशहाही जवळजवळ गेलाच होता. पानवालीनंही तो गुळगुळीत पैसा परत माझ्या हातावर ठेवला. मी पानांवाचून, पण ताठ मानेनं घरी आलो आणि सांगितलं, “दोन कानांचे आणखीही निघतील, बिनकानाचा अख्ख्या म्हैसुरात हा एकच. आता तर ठेवायचाच.” अजूनही तो माझ्या पानाच्या डब्यात आहे. आज समया घासता घासता बायको म्हणाली, “द्या इकडं, जरा उजळून देते.” तेव्हापासून मी डब्यावर हात ठेवून बसलो आहे.