चक्कर आली नव्हती

"आजोबा, आजींच्या खुब्याचं हाड मोडलंय," डॉक्टर एक्स-रे उजेडासमोर धरत म्हणाले. "ऑपरेशन करावं लागेल. पडल्या कशा?"

"चक्कर आली," मी म्हणालो.

स्ट्रेचरवर माझी बायको, सुमन. तिने डोळे मिटून घेतले. शेजारी आमच्या गल्लीतल्या शिक्षिका नसरीन मॅडम उभ्या होत्या. त्यांनीच तिला रिक्षातून आणलं होतं. त्या म्हणाल्या, "नाही डॉक्टर, दुचाकीचा धक्का लागला. मी मागेच होते."

"मॅडमनी नीट पाहिलं नाही," मी म्हणालो.

या वाक्याला आता वर्ष होईल. ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. आणि मॅडमना मी चार लोकांसमोर खोटं पाडलं, म्हणूनही.

फ्रॅक्चर नेक ऑफ फीमर, म्हणजे मांडीचं हाड कमरेच्या खोबणीत बसतं तिथली त्याची मान मोडते. आमच्या वयात ती सहसा जुळून येत नाही, कृत्रिम गोळा बसवावा लागतो. तोही लवकर, कारण पडून राहिलेल्या माणसाच्या छातीत कफ साठतो.

पण मी चक्कर म्हणालो होतो. चक्कर का आली ते कळल्याशिवाय भूल द्यायला डॉक्टर तयार होईनात. इको झाला, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. मग हॉल्टर, म्हणजे छातीला तारा चिकटवून दिवसभर ठोके नोंदणारं एक डबडं. मग मेंदूचा एमआरआय. मोडक्या खुब्यानिशी तिला या टेबलावरून त्या टेबलावर सरकवायचे आणि ती ओठ दाबून धरायची.

मी बाहेर बाकड्यावर चिडत बसलेला. लिफ्ट बंद. फाईल वरच्या मजल्यावर, सही करणारे खालच्या. एका सिस्टरला मी झापलंसुद्धा, "किती तपासण्या करता? सापडतंय का काही?" ती बिचारी म्हणाली, "बाबा, चक्कर आली म्हटल्यावर शोधावंच लागतं ना."

खोटं का बोललो ते सांगतो. अपघात म्हटला की एमएलसी होते, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद. पोलीस जागा बघायला येणार. जागा म्हणजे माझं फाटक.

गंगापूर रोडच्या आतल्या आमच्या गल्लीत चांगला फुटपाथ होता. मुलाच्या गाडीचं पोट घासतं म्हणून मी त्यावरून थेट डांबरापर्यंत सिमेंटचा रॅम्प ओतून घेतला. भाजीवाले बसू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना कुंड्या मांडल्या. माझं बघून गल्लीतल्या प्रत्येकाने तसंच केलं. नसरीन मॅडम सायकलने शाळेत जातात. वॉर्डातले अडलेले फुटपाथ मोजून महापालिकेकडे अर्ज करायचा, म्हणून टेप आणि वही घेऊन त्या माझ्याकडे तीनदा सही मागायला आल्या. मी रहिवासी मंडळाचा अध्यक्ष होतो.

"मॅडम, फुटपाथवर चालतं कोण?" मी हसून म्हणालो होतो.

"काकू चालतात की. तुमच्या कुंड्यांना वळसा घालून रोज रस्त्यावर उतरतात."

"तिला सवय आहे."

सही तर केली नाहीच. उलट रहिवाशांना फुटपाथ नको, गाड्यांची अडचण होते, असं मंडळाच्या वतीने महापालिकेला पत्र दिलं. त्याच कुंड्यांना वळसा घालताना तिला दुचाकीने उडवलं. दुचाकीवाला थांबला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिला खोकला सुरू झाला. दुपारी ताप. नाकाला ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, छातीत संसर्ग आहे, ऑपरेशन पुढे गेलं. ते गेल्यावर तिने माझं मनगट धरलं.

"तुम्हाला सांगायचं नसेल तर मी सांगते," ती धापा टाकत म्हणाली. "मला जगायचंय अजून."

मी व्हरांड्यात डॉक्टरांना गाठून सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"आजोबा, तीन दिवस आम्ही तुमची चक्कर शोधतोय. पहिल्याच दिवशी बोलला असतात, तर आज त्यांना वॉकर धरून उभं केलं असतं."

मग आणखी चार दिवस अँटिबायोटिक, आणि मग ऑपरेशन. ती वाचली. हे त्या डॉक्टरांचे आणि त्या सिस्टरचे उपकार, माझे नव्हेत.

खरं बोलायला लागल्यावर मात्र ऐकून घ्यायला कुणी मिळेना. हवालदार जबाब घेताना म्हणाले, "बाबा, गाडीचा नंबर असेल तर सांगा. रॅम्पबिंप आमच्याकडे नाही." महापालिकेत गेलो, तर कारकुनाने फाईल उलटून माझंच पत्र माझ्यासमोर धरलं. "रहिवाशांना फुटपाथ नकोय, असं अध्यक्षांनीच लिहिलंय. हे अध्यक्ष कोण?" मी म्हणालो, मीच. त्याने फाईल मिटून बाजूला ठेवली.

शेवटी गवंडी बोलावून माझा रॅम्प फोडून घेतला आणि फुटपाथ सारखा केला. शेजारचे जगताप कंबरेवर हात ठेवून बघत होते. "बापू, शिकवलं तुम्हीच, आता फोडताय पण तुम्हीच. आम्ही गाडी काय डोक्यावरून आत न्यायची?"

फिजिओथेरपिस्टने सुमनला रोज सपाट जागेवर चालायला सांगितलंय. आमच्या फाटकापासून जगतापांच्या रॅम्पपर्यंत तिची बावीस पावलं होतात. तिथून परत फिरायचं. गंगापूर रोडसारख्या चांगल्या वस्तीत राहून बावीस पावलं.

मी मॅडमच्या दारी गेलो. वाक्यं पाठ करून गेलो होतो, ती अर्ध्यातच संपली. त्या आतून वही आणि टेप घेऊन आल्या.

"माफीचं नंतर बघू, काका. आधी टेपचं ते टोक धरा."

गेल्या रविवारी आम्ही जगतापांच्या फाटकाशी मोजत होतो. ते बाहेर आले. वही बघून हसले आणि मला म्हणाले, "बापू, तुम्हीच म्हणायचात ना, फुटपाथवर चालतं कोण?"

मागून वॉकरची ठकठक येत होती. सुमन रॅम्पच्या कडेपाशी येऊन थांबली.

"मी चालते," ती म्हणाली. "जरा बाजूला व्हा, भाऊजी, मला पुढे जायचंय."