गयाआत्याचे दोन ग्लास

आत्याला बोलायला दोन मिनिटं दिली होती.
आज तिच्या नावानं गप उभं राहायलाबी दोनच मिनिटं दिली.
तोच हॉल. तेच लोक.

परभणीच्या सेंद्रिय शेती संमेलनाचा व्हिडिओ आत्ताच ग्रुपवर आला. स्टेजवर गयाआत्याचा हार घातलेला फोटो, खाली "सेंद्रिय शेतीची माऊली".

किळस आली.

गयाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. परवा गेली. पिंगळीकडं माहेरचा मिळालेला दीड एकराचा तुकडा. त्यात तिनं कधी तणनाशकाचा फवारा मारू दिला न्हाई. तण उपटायची, तिथंच अंथरायची.

"गया, रान हाय का गवताची गंजी?" गाव हसायचं.
"मला डोक्यावर पदर लागतो, तसा रानालाबी लागतो रं."

दोन वर्षांमागं संमेलनात तिला बोलावलं. मीच घेऊन गेलो. पिशवीत दोन ढेकळं. एक तिच्या रानातलं, एक शेजारच्या फवारलेल्या रानातलं.

सकाळपासून साहेब लोकांची भाषणं. हिचा नंबर जेवणाच्या तोंडावर.

तिनं काचेचे दोन ग्लास पाण्यानं भरले, एकेक ढेकूळ सोडलं आणि हात बांधून उभी राहिली.

निवेदक म्हणाला, "मावशी, बोला ना. दोनच मिनिटं आहेत."
"मी कशाला बोलू? ढेकळंच बोलतेत बघा. जरा थांबा."
लोक हसले.
"आवरा मावशी, प्रमुख पाहुणे गेटवर आलेत."
"पाण्याला घाई करता येत न्हाई बाबा."

अजून हसले. मग खुर्च्या सरकल्या, सगळे जेवायला. बुके ठेवायला जागा पाहिजे म्हणून एका कार्यकर्त्यानं दोन्ही ग्लास कुंडीत ओतले.

कुंडीतलं झाड प्लास्टिकचं होतं.
सेंद्रिय संमेलनात.

शेजारच्यानं मला विचारलं, "कोण रे ही बाई?"
"असंल कुणीतरी."

हे मी म्हणालो. तिचा सख्खा भाचा. म्हणून किळस फक्त त्यांचीच न्हाई.

परत येताना एसटीत आत्या म्हणाली, "शेजारच्या ढेकळाचा गाळ झाला. माझं तसंच उभं होतं. तू तरी बघितलंस ना?"
"बघितलं की."

मी मोबाइलमध्ये होतो.

आता मी वापीला कारखान्यात तणनाशकाच्या बाटल्यांना झाकणं लावतो. नववी नापासाला काम दिलं, लावतो. आत्याला सांगितलं होतं, बिस्किटाची कंपनी हाय. ती खुश. "येताना आण की रं दोन पुडे."

तिला शेवटचं बघायला रजा मिळाली न्हाई.

आणि काल भावाचा फोन. "आत्याच्या तुकड्यात तण लय माजायलंय. येताना दोन बाटल्या आण तुमच्या कंपनीतल्या, एका दिवसात साफ व्हईल."

मी फोन कट केला.

दादा, आता सगळ्यांसमोर लिहितो. तुकड्यात फवारणीचा पंप घेऊन उतरू नको. मी शनिवारी येतोय. रजा दिली तर ठीक, न्हाई दिली तर कंपनी सोडून. तण मी उपटतो. तिथंच अंथरतो.

बाकीच्यांनो, खाली RIP लिहू नका. संमेलनाला जाऊन आलेत त्यांनी तर मुळीच न्हाई.

आत्या, तेराव्याला तुझ्या पानाशेजारी दोन ग्लास ठेवीन. दोन ढेकळं सोडीन.
गाळ खाली बसंपर्यंत उठणार न्हाई.

जा आता. निवांत जा.