चंबूवरचा गोंद
मुलगी नखांचा रंग काढायला बसली की घरभर जो वास पसरतो, त्याने मला चाकणच्या कंपनीतली प्रयोगशाळा आठवते. घरातला पहिला पदवीधर म्हणून मी तिथे लागलो होतो आणि नोकरी अजून कायम व्हायची होती. एका सकाळी माझ्या हातून काचेच्या चंबूची नळी तुटली. आमच्या घरी तुटलेलं सगळंच चिकटवून वापरायचे, म्हणून मीही ती गुपचूप गोंदाने चिकटवली आणि चंबू कपाटात ठेवला. दोन महिन्यांनी तो पिवळा पडलेला सांधा तिथल्या जुन्या मदतनीस काकांना दिसला. ते जवळच्याच गावचे. “पंक्चर काढल्यागत केलंस की रं,” ते हसले. “भोसरीचा काचवाला जाळावर जोडून देतो. पर गोंद असला तर त्यो हात बी लावायचा न्हाई.” त्यांनी तो सांधा अ‍ॅसिटोनमध्ये, म्हणजे नखांचा रंग काढतात त्याच द्रवात, बुडवला. मी ब्लेड घेतलं तर म्हणाले, “ऱ्हाऊ दे. मऊ होईल आपसूक.” दुपारी कापसाने पुसताना गोंद सालीसारखा सुटला. आता चंबू गेटबाहेर न्यायला साहेबांचा पास हवा होता, आणि पासवर तो कुणाच्या हातून तुटला ते लिहावं लागे. मी घुटमळलो. काका म्हणाले, “काचंवरला निघाला, आता तोंडावरला बी काढ.” मी आत जाऊन सांगितलं. साहेबांनी विचारलं, “आज तुटला?” हो म्हणणं सोपं होतं. “दोन महिने झाले, सर,” मी म्हणालो. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. पुढे मी कायमही झालो. काकांचे आभार मानायचे मात्र राहूनच गेले.