बिल्किसच्या रेघा

"पोरगी वेडी हाय का शहाणी, एक काय ते बोल!" अय्यूब ओरडत होता. त्यांच्या आणि माझ्या खोलीच्या मध्ये नुसता पत्रा, त्यामुळे मला कान लावायचीही गरज नव्हती.

"घाबरट हाय," त्याची बायको बिल्किस म्हणाली. "किती, ते मोजते हाय."

"भीती काय कापड हाय मोजायला?"

"कापड असतं तर तुला समजलं असतं."

हे अठ्ठ्याऐंशीतलं. त्यांची जुबैदा तेव्हा नऊ वर्षांची. शाळेला निघाली की दाराची कडी बघायची, चार पावलं जायची, परत येऊन बघायची. पोचेपर्यंत प्रार्थना संपलेली. वर्गात हाक मारली तर तोंड उघडायची नाही. लगेच सगळ्या गल्लीला अक्कल फुटली. "डोकं फिरलेलं हाय," असं मीही म्हणाले. मी चौथी नापास. मूर्खांच्या रांगेत पुढेच उभी होते.

आणि शाळेचा हेडमास्तर! नुसता कडक इस्त्रीचा सदरा, आत काही नाही. म्हणाला, डॉक्टरचा कागद आणा. पोरगी ठीक असेल तर वेळेवर येईल, वेडी असेल तर नाव काढतो. तिसरं काही असतं, हे त्या डोक्यात मावणार कुठून?

बिल्किस मजीदशेठच्या लूमच्या कारखान्यात कापड तपासायची. मागावरून उतरलेला ताका, म्हणजे कापडाचा अख्खा गठ्ठा, टेबलावरून ओढायचा; धागा तुटलाय, डाग पडलाय, तिथे खडूची रेघ मारायची. रेघा किती, त्यावर ताका कुठल्या भावाला जाणार ते ठरायचं. चार रेघांपायी कोणी अख्खा ताका फेकत नाही. तोच खडू तिने घरी आणला. जुबैदा जितक्यांदा कडी बघेल तितक्या रेघा भिंतीच्या एका अंगाला. दुसऱ्या अंगाला स्वतःच्या, कारण स्टोव्ह विझला का बघायला ती स्वतःही सारखी उठायची.

मी विचारलं, "तुझ्या कशाला गो?"

"सूत माझंच हाय ना, मावशी."

महिन्याभरात भिंत बोलायला लागली. अय्यूब लूमवर कामाला; त्याची दिवसपाळी, म्हणजे संध्याकाळी घरी बसून ओरडायला मोकळा, त्या आठवड्यात दोन्हीकडच्या रेघा दाट. रातपाळीच्या आठवड्यात विरळ. तिने नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "भिंत खराब केलीस." त्या शहाण्याला तेवढंच दिसलं.

रेघा वहीत उतरवून ती जुबैदाला ठाण्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथली तरुण डॉक्टरीण प्रत्येक गोष्टीला विचारायची, कधीच नाही, कधीकधी, का नेहमी? आधी पोरीचं, मग आईचं. बिल्किस खूश, हीसुद्धा मोजणारीच निघाली. डॉक्टरणीने लिहिलं: भीतीचा त्रास आहे, थोड्यापेक्षा जास्त, फारपेक्षा कमी. आईलाही आहे, तिच्याहून कमी. शाळा सोडवू नये.

कागद द्यायला मीही सोबत गेले होते. हेडमास्तरने दोनदा वाचला. "म्हणजे वेडी का नाही?"

"लिवलंय ना, गुरुजी."

"मी रजिस्टरात काय भरू?"

"तुमच्या रजिस्टरात जागा न्हाय, त्याला माझी पोर काय करणार? हाय तसंच ऱ्हाऊ द्या नाव."

आठ दिवस तो कागद टेबलावर उलटा-सुलटा करत बसला. कुठल्याच रकान्यात बसेना, म्हणून त्याने काहीच केलं नाही आणि नाव राहिलं. त्या आळशाच्या हातून झालेलं तेवढंच पुण्य.

जुबैदा दुसऱ्या खेपेला दहावी झाली. कडी अजून तीनदा बघते. बिल्किस म्हणायची, "तीनात दहावी होते."

मग नाकं मुरडणाऱ्या बायकाच आपापली पोरं घेऊन तिच्या दारात. उजळ माथ्याने दवाखान्यात जायची हिंमत एकीचीही नाही. दर बुधवारी बिल्किस एकेकाला एसटीने ठाण्याला न्यायची. कारखान्याच्या धुळीने तिच्या छातीचा भाता झाला, तरी नेत राहिली. सत्त्याण्णव साली तशाच एका बुधवारी संध्याकाळी ती कारखान्यातच वारली. त्या दिवशी माझी नात कमळ तिच्याबरोबर होती. शाळेचं नाव काढलं की उलटी करायची. दुपारी दोघी परतल्या. बिल्किसने कागद माझ्या हातात दिला.

"भीती मधली हाय, लय न्हाय. शाळा बंद करू नका बोलल्यात. पुढच्या बुधवारी तू बी चल, मावशी. पोरीवर लय ओरडतेस, तुझं बी विचारतील."

"बस, चहा टाकते."

"न्हाय गो, ताके पडलेत," म्हणाली आणि चपला अडकवून कारखान्याकडे निघाली.