मुंबईहून मागवलेले खडू

आमच्या घरात कुंचला कधी टिकला नाही. चांगला कुंचला खारीच्या शेपटीचा, नाहीतर डुकराच्या केसांचा असतो, आणि आम्ही जैन. बेळगावच्या जैन बोर्डिंगात राहून हायस्कूलला जात होतो, तेव्हा एका सुट्टीत ड्रॉइंगचा कुंचला खिशात घालून घरी आलो. अव्वानं, म्हणजे आमच्या आईनं, तो चिमट्यात धरून अंगणाबाहेर टाकला. "शेपटी कापून घेतल्यावर खारीला काय जिती सोडत्यात व्हय रं?" असं तिनं विचारलं आणि विषय तिथंच संपला.

माझी थोरली बहीण, आक्का, हिचं मात्र कुंचल्यावाचून अडत नव्हतं. ती बोटांनी काढायची. गेरू, नीळ, हळद, रांगोळी, चुलीतला कोळसा, काहीही चालायचं तिला. निपाणीच्या बाजूला आमची तंबाखूची वखार होती, तिच्या दारावर तिनं हमालांचे चेहरे कोळशानं काढून ठेवले होते. एक हमाल आपलं तोंड बघून म्हणाला, "आक्का, माझं नाक येवढं मोठं न्हाय."

"मोठं न्हायच. पर तुझ्याआदी ते दारात येतंय, त्याला मी काय करू?"

लग्न होऊन ती दोन कोसांवर सासरी गेली. तिथं हिशेबी माणसं होती, चित्रं काढायला कुणी आडवं आलं नाही पण विचारलंही नाही. आमचे वडील, आप्पा, त्याच्या आधीच वारले होते. माहेरी आली की ती माझी ट्रंक उघडायची आणि एकच पुस्तक बाहेर काढायची. पुस्तक कसलं, मुंबईच्या एका रंगाच्या दुकानाची जुनी यादी होती ती, आमच्या ड्रॉइंग मास्तरांनी टाकून दिलेली. कागद, फळ्या, कंपास, रंगाच्या वड्या, सगळं चित्रांसह छापलेलं. पोस्टानं मागवा, व्ही. पी.नं घरपोच, असं प्रत्येक पानाच्या खाली. ती एका पानावर थांबायची. त्यावर एक लाकडी पेटी होती आणि पेटीत ओळीनं झोपवलेले रंगीत खडू.

"ह्ये बी खडूच न्हवं?"

"खडूच. पण मऊ. पाणी लागत नाही, कुंचला लागत नाही. कागदावर ओढायचा आणि बोटानं पसरायचा."

"बोटानं?" असं म्हणून ती बराच वेळ ते पान बघत राहायची. बेळगावच्या बाजारात तसली पेटी मिळत नव्हती, मी विचारून आलो होतो. मुंबईहूनच मागवायला हवी होती, आणि तिनं तोवर ती कधी मागितली नव्हती.

मी विशीत असताना अव्वाच्या पोटात गाठ झाली. डॉक्टरांनी हात टेकले. अव्वानं बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, जाऊन देवासमोर सल्लेखना घेतली. मरण दाराशी आलंय हे उमगल्यावर आमच्यात काहीजण अन्न एकेक करून सोडतात आणि मन शांत ठेवून वाट बघतात. त्या दिवसांत कळत-नकळत कुठला जीव दुखावू नये, कुठली अशुद्ध वस्तू पोटात जाऊ नये, एवढंच त्या माणसाला हवं असतं. दुसरं काही हवं असण्याच्या पलीकडे ते गेलेलं असतं. अव्वानं आधी धान्य सोडलं, मग दूध. ताक चालू होतं.

आक्का येऊन राहिली. मी फोटोवाला आणायचं काढलं, तर अव्वा म्हणाली, "परका माणूस नगं आता. लेक काढंल तर काढू दे."

त्याच दुपारी आक्कानं मला वखारीच्या बाजूला नेलं. मला ती तम्मा म्हणायची, धाकटा म्हणून. "तम्मा, त्या पुस्तकातली पेटी मागीव. पर आदी कागद घाल त्यास्नी. इचार, त्यात केस, कातडं, चरबी, कायबी न्हाय न्हवं? अव्वाजवळ बसून काढायचं हाय. इचारल्याबिगर मागवू नगं."

मी इंग्रजीत पत्र लिहायला बसलो. माझ्या इंग्रजीचा मला फार अभिमान होता. पत्र छान उतरलं. शेवटी तो प्रश्नही लिहिला, आणि परत वाचताना माझे कान तापले. मुंबईच्या दुकानातला कारकून हे वाचून शेजारच्याला दाखवील, खडू खायला मागवतोय की काय म्हणून हसतील, असं वाटलं. बोर्डिंगाबाहेरच्या पोरांनी आमच्या पाणी गाळण्यावरून पुष्कळ चेष्टा केली होती, तीही आठवली. मी पत्र फाडलं. दुसरं लिहिलं. त्यात प्रश्न नव्हता, सरळ मागणी होती.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की वेळ नव्हता. उत्तर येऊन मग पेटी मागवायची म्हणजे अव्वाचे दिवस संपले असते. ते खरंही असेल. पण पत्र फाडताना माझ्या मनात अव्वाचे दिवस नव्हते. तो कारकून होता.

आठवड्यानं मागणी पोचल्याचं छापील कार्ड आलं. दोघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी कार्डावरची इंग्रजी ओळ मोठ्यानं वाचली आणि मराठीत सांगितलं, "प्राण्याचं यात काही नाही म्हणतात. झाडाच्या डिंकात बांधलेत." डिंक माझ्या तोंडात कुठून आला, देव जाणे. अव्वानं मान हलवली. आक्कानं ते कार्ड माझ्याकडून मागून घेतलं आणि देवघरात ठेवलं. तिला त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं.

पेटी आली तोवर ताकही सुटलं होतं. दिवसातून एकदा, बसून, ओंजळीत घेतलेलं उकळून निववलेलं पाणी, एवढंच अव्वाच्या पोटात जात होतं. पेटी निपाणीच्या पोस्टातून मीच सोडवली आणि पोस्टाच्या पायरीवरच उघडली. खडू लाकडाच्या भुशात पुरले होते, चारदोन मोडले होते. भुशावर एक चिठ्ठी होती, दुकानानं मालाची तारीफ केलेली. आमचे खडू उत्तम सरसात बांधले आहेत, त्यामुळे सहसा तुटत नाहीत, असं तिच्यात होतं. सरस म्हणजे काय हे आमच्याकडे पोरालाही ठाऊक. सुतार तो शिजवतो तेव्हा कातड्याचा आणि हाडाचा वास गल्लीभर सुटतो.

मी चिठ्ठी गिळल्यासारखी खिशात घातली. परत जाताना वाटेत दोनदा थांबलो. घरी जाऊन एवढंच सांगायचं होतं की आक्का, हे चालणार नाही. पण मग कार्डावर काय वाचलं होतंस, हे तिनं विचारलं असतं.

आक्कानं पाच दिवस चित्र काढलं. खिडकीजवळ अव्वा चटईवर टेकून बसायची, समोर आक्का. तिची बोटं कागदावर फिरताना मी बघितली आहेत. गालाचा खड्डा, कपाळाची शीर, पांढऱ्या पातळाची घडी, सगळं ती बोटानं दाबून, पुसून, पुन्हा दाबून काढायची. एवढं सुख मी तिच्या चेहऱ्यावर पुन्हा बघितलं नाही. अव्वाही मजेत असायची. "किती गं म्हातारी काढतीस मला?" म्हणायची.

"तू हायसच म्हातारी."

"मग दात तरी घाल दोन."

पाचव्या दिवशी अव्वानं एक निळा खडू उचलला. हातात फिरवला, तळव्यावर घासून बघितला. मग विचारलं, "ह्यात जीवबीव कायबी न्हाय न्हवं?"

"न्हाय अव्वा. तम्मानं कागद घालून इचारलंय की."

पाण्याची वेळ झाली होती. तांब्या माझ्या हातात होता. अव्वानं खडू खाली ठेवला आणि ओंजळ पुढं केली. तळवा निळा होता. हात धू, एवढे दोन शब्द. आक्काच्या तोंडून ते निघालेही असते, पण ती कागदावर वाकली होती, आणि तिच्या लेखी ती निळाई गेरूसारखीच शुद्ध होती. मी धू म्हटलं असतं तर का, हे दोघींनी विचारलं असतं. मी पाणी ओतलं. ओंजळीत ते फिकट निळं झालं. अव्वा सावकाश, सगळं प्यायली.

त्यानंतर तिनं पाणीही सोडलं. म्हणजे तिच्या पोटात गेलेली शेवटची वस्तू ती होती. पाणी सोडल्यापासून सहाव्या दिवशी ती गेली. सगळं गाव दर्शनाला आलं. निर्दोष मरण, असं जो तो म्हणत होता, आणि मी हात जोडून प्रत्येकाचं ऐकून घेत होतो.

इथवर लिहिणं सोपं गेलं. पुढचं अधिक लाजेचं आहे.

पेटीतले खडू संपत आल्यावर आक्का म्हणाली, आणखी एक मागीव. मी हो म्हटलं आणि मागवली नाही. पुन्हा तेच खोटं बोलायची मला हिंमत नव्हती, आणि खरं सांगायची तर नव्हतीच. दर खेपेला ती माहेरी आली की विचारायची. दुकान बंद पडलं म्हणालो. पत्ता बदलला म्हणालो. लढाई लागल्यावर तर बरंच झालं, विलायती माल येत नाही हे खरंच होतं. ती ऐकून घ्यायची. "बरं," म्हणायची. असं होता होता एका वर्षी तिनं विचारायचं सोडलं. मला हलकं वाटलं होतं, तेही लिहून ठेवतो.

पर्युषण संपलं की आमच्यात क्षमेचा दिवस असतो. लहानथोर सगळे एकमेकांपुढं हात जोडतात. वर्षभरात कळत-नकळत काही दुखावलं असेल तर माफ करा म्हणतात, आणि समोरचा माफ केलं म्हणतो. वीस-बावीस वर्षं मी आक्कापुढं हात जोडले आणि तिनं माफ केलं म्हटलं. काय माफ करतेय हे तिला ठाऊक नव्हतं. त्या रिवाजाच्या आड मी खुशाल लपलो होतो.

यंदा तिच्या घरी गेलो. ती ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मी हात जोडले आणि नेहमीचं वाक्य न म्हणता सगळं सांगितलं. पत्रातून प्रश्न गाळला तो, कार्ड, चिठ्ठी, निळं पाणी. तिनं शेंगा फोडायचं थांबवलं नाही. मी गप्प झाल्यावर म्हणाली, "अव्वाचं मन निर्मळ हुतं. तिला दोष लागत न्हाय. लागला आसंल तर तुला. ते तू आन् देव बघून घ्या."

मला वाटलं, झालं. डोळे भरून आले होते.

मग तिनं विचारलं, "दुकान बंद पडलंच नव्हतं म्हण की?"

"नाही."

"मला सांगितलं आसतंस, तर मी म्हटलं आसतं, जाऊ दे, गेरूनं काढते. तू सांगितलंच न्हाईस. मला वाटायचं, तम्माला माझं चित्र काढणं आवडत न्हाय. घरात तू येकटाच शिकल्याला. तुला आवडत न्हाय म्हंजे त्यात काय नसंलच, म्हणून मी गेरू बी सोडला रं."

अव्वाच्या ओंजळीत मी इतका बुडालो होतो की हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आक्काच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू झालाय. शेंगा ती चाचपून फोडते.

सून पाणी घेऊन आली. तिनंही मला हात जोडले, मी तिला माफ केलं म्हटलं. आक्कानं शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि जेवून जा म्हणाली. मी जेवलो. निघताना दारात पुन्हा हात जोडून उभा राहिलो. तिला मी दिसत असेन-नसेन, पण उभा आहे हे कळत होतं.

"ऊन हाय, सावलीनं जा," ती म्हणाली. माफ केलं, हे तिनं म्हटलं नाही.