दगडाच्या वर, दगडाच्या खाली

हसनमामूंचं नाव आधी लिहितो, बाकीचं मग. दुबईकडच्या हत्ताच्या डोंगरातल्या या मझऱ्यावर, म्हणजे अरबाबच्या, आमच्या अरब मालकाच्या, शेतावर मला त्यांनी आणलं. ते अरबाबची गाडी चालवतात. त्यांचं गाव आमच्याच नदीवर, आमच्या वाडीपासून कोसभर खाली. गावी असताना ओळख झाली नाही, ती व्हायला समुद्र ओलांडावा लागला. त्यांनी माझ्यावर उपकार केले की मला भलत्याच पेचात टाकलं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. बहुतेक दोन्ही. वाडीतल्या मंडळींनी आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनी वाचून ठरवावं.

निघालो तेव्हा बॅग ओटीवर होती आणि जीप वर रस्त्याला उभी होती. आई म्हणाली, "आधी कोंडीवर जाऊन ये. माशांना सांगून जा."

ज्यांनी आमची कोंड बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. नदी वाडीजवळ वळते तिथे खोल डोह आहे, ती देवीची कोंड. तिथले मासे कोणी धरत नाही. काठच्या कातळावर दगडाने तीनदा वाजवायचं, मुरमुरे टाकायचे, की हातभर लांबीचे खडस एकमेकांच्या अंगावरून वर येतात. डोह संपतो तिथे शेंदूर लावलेला एक दगड पाण्यातून डोकं काढून उभा आहे. दगडाच्या वर देवीचे मासे, दगडाच्या खाली माणसांचे. खाली कोणीही गळ टाकावा, जाळं टाकावं, तळून खावं. मासा तोच, पाणी तेच. पण नियम इतका साधा की तो कुणी कुणाला शिकवल्याचं मला आठवत नाही.

पहिली मूठ टाकायचा मान आमच्या घराचा. म्हणून आमच्या घरात गळाला कोणी हात लावत नाही. खातो सगळे, आवडीने खातो, पण धरलेला दुसऱ्याने.

तर मी दगड वाजवला, मुरमुरे टाकले. मासे आले, त्यांनी खाल्लं. काय सांगायचं ते सुचेना. वरून जीपवाला हॉर्न मारत होता. आई मागे उभी होती. म्हणाली, "ज्याला सांगून निघतो, त्याच्याकडे परत यावं लागतं." मी म्हटलं, "हो गं, सांगितलं." खरं तर सांगितलं नव्हतं. घाई होती.

अबूधाबीकडे रुवैसला रिफायनरीच्या शटडाउनवर, म्हणजे दुरुस्तीसाठी ती बंद ठेवतात त्या कामावर, हेल्पर म्हणून लागलो. आठवीत शाळा सोडलेल्याला हेल्परच करणार. पाइप उचला, पाइप द्या, यल्ला यल्ला. तिथे पाणी म्हणजे बाटलीतलं आणि समुद्राचं, तिसरं नाही. शटडाउन संपला तसं कंपनीने माणसं परत पाठवायला सुरुवात केली. माझा नंबर जवळ येत होता. धाकट्या बहिणीचं नर्सिंगचं पहिलं वर्ष चालू होतं, आणि मी परत गेलो असतो तर तिलाही घरी बसावं लागलं असतं. हे मी एका कॅफेटेरियात बसून आईला फोनवर सांगत होतो, कोंडीवर माझ्या नावाने मूठ टाक म्हणत होतो. फोन ठेवला तर शेजारच्या टेबलावरचे पांढऱ्या दाढीचे गृहस्थ माझ्याकडेच बघत होते.

"कोंडीवाल्यांचा काय रे तू?"

मला वाटलं, आपल्याला भास झाला. ते हसनमामू; अरबाबला काही कामासाठी रुवैसला घेऊन आले होते. त्यांनी माझ्यासाठी दुसरा चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमचा अरबाब डोंगरात ओढा बांधतोय. कुठं परदेशात बघून आलाय. थंड पाण्यातले मासे सोडणार नि पाहुणे गळ टाकणार. त्याला माशांचा माणूस पायजे."

"पण मामू, मी आयुष्यात मासा धरला नाही."

"ते अरबाबला कुठं म्हायत हाय? नदीवरचा हायस ना? खलास."

तर असा मी माशांचा माणूस झालो. अरबाबने एवढंच सांगितलं, की पहिल्या पाहुण्यांचा शुक्रवार बघतो, काम जमलं तर व्हिसा मी काढतो, नाही तर परतीचं तिकीट.

अरबाबचा ओढा सिमेंटचा, पण वरून खरे दगड लावलेले. वरच्या टाकीतून पाणी सुटतं, सहा वळणं घेऊन खालच्या टाकीत पडतं, तिथून पंप त्याला चिलरमधून, म्हणजे पाणी गार करायच्या यंत्रातून, परत वर ढकलतो. समुद्राकडे न जाणारा ओढा मी पहिल्यांदाच बघत होतो. थंडी सुरू झाली तसे टाकीच्या गाडीतून ट्राउट आले. सुंदर मासा. अंगावर मोहरी उडवल्यासारखे ठिपके, कुशीवर गुलाबी पट्टा, हातात घेतला तर बर्फासारखा. पण सगळे टाक्यांत वाढलेले, गोळ्या खाऊन मोठे झालेले. वाहतं पाणी त्यांनी बघितलेलंच नव्हतं. पहिले दोन दिवस एका कोपऱ्यात अंग चोरून उभे राहिले, कँपात नवी माणसं उभी राहतात तसे.

मला त्यांची दया आली. तिसऱ्या वळणावर घाफच्या झाडाची सावली पडते तिथे बसलो आणि सवयीने दगडावर दगड वाजवला, तीनदा. गोळ्या टाकल्या. कोणी हललं नाही. रोज वाजवत राहिलो. हळूहळू एक आला, मग चार, मग सगळे. त्या दिवशी मी आईला व्हिडिओ कॉल करून दाखवलं. ती म्हणाली, "बघ, तिथेही तुझी ओळख निघाली."

मग तो शुक्रवार आला. आमच्याकडे जत्रेला कोंडीवर पाहुणे यायच्या आत मासे पोटभर जेवतात. पाहुण्यांसमोर हावरेपणा नको. मीही सकाळी तेच केलं. बादली रिकामी केली.

पाहुणे आले. अरबाबचे मेहुणे, मित्र, आणि खुर्चीत बसवून आणलेले त्याचे वडील. महागाचे रॉड, गळाला रंगीत पिसांच्या खोट्या माश्या. मासे तळाशी बसून होते, जेवून ओटीवर कलंडलेल्या वऱ्हाड्यांसारखे. तास गेला. अरबाब माझ्याजवळ आला. "मछली सब नाइम?" म्हणजे, झोपलेत काय सगळे? तो हसत नव्हता.

मामूंनी मला बाजूला ओढलं. "काय घातलंस रे त्यांना?"

"जेवण."

"किती?"

"बादली."

"अरे, लग्नाचं जेवण घालून मग पंगतीला बसवतोस?" त्यांनी कपाळाला हात लावला, मग जाऊन पाहुण्यांना कहवा, खजूर, मटण-भात यांत गुंतवून ठेवलं. उन्हं उतरली तसे माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "आता वाजव."

"काय?"

"रोज वाजवतोस ते."

मला त्यांचं म्हणणं कळलं. आणि मी वाजवलं. तिकीट डोळ्यांपुढे दिसत होतं, बहिणीचा पांढरा युनिफॉर्म दिसत होता. तीनदा वाजवलं आणि मासे आले, सगळे, तोंड वर करून, आणि त्यांच्यात गळ पडले. पहिला लागला तो म्हाताऱ्याच्या गळाला. म्हातारा लहान पोरासारखा हसायला लागला, त्याचे हात अरबाबने मागून धरले होते, आणि अरबाबच्या डोळ्यांत पाणी. बापाला इतकं हसताना त्याने फार दिवसांनी बघितलं असावं. मग अरबाबनेच ओल्या हाताने गळ काढला, मासा परत पाण्यात सोडला. तो थोडा वेळ कुशीवर तरंगला, मग सरळ झाला आणि गेला.

"शाबाश, मुहंदिस," अरबाब मला म्हणाला. मुहंदिस म्हणजे इंजिनिअर. आठवी पास इंजिनिअर. व्हिसा झाला.

जेवण मला गेलं नाही. मामू गाडीची काच पुसत होते. मी म्हटलं, "मामू, आमच्यात दगड वाजवला की माशाला काही होत नाही. तो दिलेला शब्द असतो."

"सोडले ना परत?"

"धरायचं आणि सोडायचं, मग धरलं कशाला? खाल्लं असतं तर मला कळलं असतं."

ते काच पुसत राहिले. मग म्हणाले, "आपण तरी कसे आलो? कोणीतरी वाजवलं, आपण आलो. पोट भरतंय ना?" आणि जरा वेळाने, "जा, भात खाऊन घे. थंड होतोय."

त्याला आता बरेच हिवाळे झाले. दर थंडीत मासे येतात, ऊन वाढलं की संपतात, पुढच्या थंडीत नवे येतात. नव्यांना मी पुन्हा शिकवतो. बहीण नर्स झाली, ठाण्याला नोकरीला आहे. घराचं छप्पर नवं झालं. एकदा दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसचे एक साहेब आले होते, पुण्याचे, सोबत शाळकरी मुलगी. साहेब तिला म्हणाले, "बघ सोनू, ट्राउट." ती म्हणाली, "आय नो, बाबा." मी वाजवलं, मासे आले, साहेबांनी दोन धरले. मुलगी माझ्याकडे बघून इंग्लिशमध्ये काहीतरी बोलली. साहेबांनी हसून सांगितलं, "विचारतेय, मासे पकडले जातात ते तुमच्यामुळे, हे त्यांना कळतं का?" मी पण हसलो. ज्याच्या ओठाला मागच्या शुक्रवारची जखम आहे तोही पुढच्या शुक्रवारी येतो. त्याला कळत नाही, की कळूनही येतो? आणि मी रोज सकाळी नुसतं खायला घालतो ते खरं, की शुक्रवारी बोलावतो ते? हा ओढा दगडाच्या वरचा की खालचा? इथे शेंदूर लावलेला दगड नाही. असता तर सोपं झालं असतं.

माझा सगळ्यात आवडता ओढा मात्र वेगळाच आहे. पाऊस झाला की डोंगरातल्या वादीत, म्हणजे एरवी कोरड्या असलेल्या ओढ्यात, थोडे दिवस पाणी वाहतं. सुट्टी मिळाली की मी आणि मामू तिथे पाय सोडून बसतो. बोटाएवढे मासे येऊन पाय कुरतडतात. तिथे ना गळ, ना मुरमुरे. मामू सांगतात, त्यांचे वडील दगडाच्या खाली पिठाची गोळी लावून कसे बसायचे. मी एकदा विचारलं, "कधी वर आला नाहीत कोंडीवर? कोणी अडवत नाही."

"नाय रे. माझ्या बापाने एवढे खाल्लेत, वर गेलो तर मासे ओळखतील मला."

मी हसलो. ते पण हसले, पण मग म्हणाले, "लांबून बघायचो लहानपणी. कसे यायचे रे वर. एकदा जवळून बघायला पायजे होतं."

मागच्या रजेत गावी गेलो. आई मुरमुरे घेऊन माझ्याबरोबर कोंडीवर आली. मान आमचा, पहिली मूठ माझी. मी कातळावर बसलो, दगड हातात घेतला, आणि हात उठेना. दगड खाली ठेवला. मुरमुरे नुसते पाण्यावर टाकले आणि बसून राहिलो. बराच वेळ काही नाही. मग एक काळी पाठ दिसली, मग आणखी. आले. उशिरा आले, पण आले.

"वाजवलं नाहीस?" आईने विचारलं.

"हात दुखतोय."

तिने उरलेले मुरमुरे माझ्या ओंजळीत ओतले. घर कशाला म्हणतात ते मला विचाराल तर एवढंच येतं. जिथे न वाजवताही येतात, आणि आल्यावर त्यांना काही होत नाही. बाकी मी तिथला राहिलो की इथला झालो, ते मला माहीत नाही. या वेळी निघताना मी देवीला सांगितलं, पण काय सांगितलं ते मला नीट आठवत नाही.

हसनमामूंचा व्हिसा या वेळी वयामुळे वाढणार नाही म्हणतात. ते मुंब्र्याला मुलाकडे जातील. त्यांनी मला काय दिलं त्याची फेड इथे होणार नाही, आणि दिरहम पुढे केले तर ते माझ्या कानाखाली वाजवतील. म्हणून हे लिहून ठेवतो, म्हणजे मला मागे हटता येणार नाही. मामू, मला रजा मिळाली की मी मुंब्र्याला येईन आणि तुम्हाला घेऊन जाईन. दगडाच्या वर, कातळावर, अगदी पाण्याजवळ बसवीन. पहिली मूठ तुमची. मासे ओळखतील तर ओळखू देत. आणि त्या दिवशी दगड मी वाजवीन.