श्वासाची जागा

इंग्लंडच्या उत्तरेला नोकरीसाठी गेले, तेव्हा पहिल्या हिवाळ्यात रविवार अगदी खायला उठायचा. अशाच एका रविवारी दुपारी मी गावातल्या पबमध्ये जाऊन बसले. तिथे दहा-बारा माणसं जुनी लोकगीतं म्हणत होती. एका गाण्यात, ओळ अर्धी असतानाच, सगळे एकदम थांबले, श्वास घेतला आणि पुढे गायले. प्रत्येक कडव्यात तेच.

शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना मी विचारलं, "इथे मध्येच का थांबता?"

"ज्यानं आम्हाला हे शिकवलं, त्याला दमा होता. तिथे त्याला धाप लागायची," त्या म्हणाल्या. "तो जाऊन वीस वर्षं झाली. आता शहरातली तरुण मंडळी हेच गाणं इलेक्ट्रिक गिटार नि ड्रमवर वाजवतात. तीही तिथेच थांबतात. त्यांना वाटतं, चालच तशी आहे."

माणूस गेला, त्याचा आवाज गेला, आणि राहिली ती त्याची धाप. त्याला बहुधा तिची लाजच वाटत असेल.

"आता तुमच्याकडचं एखादं म्हणा ना," बाई म्हणाल्या. आई कणीक मळताना गुणगुणायची, ते गाणं मी सुरू केलं. दुसऱ्या कडव्यात शब्द आठवेनात. सगळे माझ्याकडे बघत वाट पाहत राहिले. पुढची ओळ सांगेल असं त्या खोलीत कुणी नव्हतं. आई गेल्यापासून कुठेच नव्हतं.